तांबडी शाई जरा दूर

लिहावयास शिकविणारा मनुष्य भाषापंडित असला म्हणजे पुरे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पांडित्याची गरज मागाहून पडते. आधीं लागते ती दुसऱ्याच्या मनाच्या दारांत कांहीं वेळ उभें राहण्याची सबुरी. डहाणू-तलासरीकडील वारली मुलांच्या वह्या पाहूं लागल्यापासून माझें हें मत पक्कें झालें आहे.

हा मुलगा घरीं वारली बोलतो. निबंध मात्र त्याला ग्रंथांतल्या मराठींत लिहावा लागतो. परक्याचा अंगरखा चढविलेल्या माणसासारखीं त्याचीं वाक्यें अवघडून जातात. एकानें 'माझें घर' या विषयावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांत दिवाणखाना होता, फुलबाग होती, व्याकरणाची चूक एकही नव्हती. आणि तें घर कोणाचेंच नव्हतें. वही मिटून मीं विचारलें, "तुमच्या घराचा कूड कशाचा रे?" तो बराच वेळ गप्प राहिला. मीही राहिलों. मग हळूहळू तो सांगूं लागला : कारवीच्या काठ्या कोण आणतें, आई शेणमातीनें त्या कशा लिंपते, पावसाच्या बाजूचा लेप आधीं कसा झडतो. शेवटीं म्हणाला, "गुरुजी, हें लिहिलें तर चालेल?"

हा प्रश्न मला फार लागला. आपलें जिणें कागदावर मांडण्याच्या योग्यतेचें नाहीं, ही समजूत त्यामागें होती. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सरावानें जातात. ही समजूत एकदां मुरली कीं सहजासहजीं जात नाहीं. म्हणून पहिल्या वाचनाच्या वेळीं तांबडी शाई दूर ठेवावी. मुलाच्या शेजारीं बसावें; वही त्याच्याच हातांत असूं द्यावी. 'छान' अशा मोघम शब्दाऐवजीं 'लेप झडतो तें मला दिसलें' असें नेमकें सांगावें. एका बैठकींत एकच दोष दाखवावा.

परीक्षक कांहीं कुणाचा कूड पाहावयास येत नाहीं, असें कोणी म्हणेल. तें खरेंच आहे. प्रमाण मराठी मुलाला आलीच पाहिजे. परंतु वाक्य त्याचें स्वतःचें असेल तरच तें सुधारण्याची त्याला आस्था वाटेल.

या तालुक्याला हा धडा नवा नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या साथीस आल्या. मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली आणि 'अंगणवाडी' झाली. पुढें १९५७ सालीं कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि गुरें चारणाऱ्या मुलांसाठीं 'कुरणशाळा' निघाली. शाळा जर कुरणापर्यंत चालत जाऊं शकते, तर शिक्षकानें मेजाच्या या बाजूकडून त्या बाजूला जाण्यास अवघड तें काय?