उत्तरेचा उजेड

गेले आठ दिवस लीड्समधल्या माझ्या भाड्याच्या खोलीत लोखंडी ट्रंक उघडी पडली आहे, आणि जे सामान एका दुपारी भरून व्हावे ते मी रोज आत ठेवतो आणि रोज बाहेर काढतो. जकातीसाठी तपशीलवार याद दोन प्रतींत तयार आहे, सर्वांची देणी चुकती केली आहेत, पासपोर्ट आणि तिकीट कोटाच्या आतल्या खिशात आहेत; बंदोबस्तात उणीव म्हणून कुठे नाही. आगबोट कंपनीने दोन प्रकारच्या चिठ्ठ्या धाडल्या आहेत, ‘प्रवासात लागेल’ आणि ‘प्रवासात लागणार नाही’. पहिली चिठ्ठी लावलेले सामान आपल्यापाशी राहते. दुसरी लावलेले टिलबरीच्या धक्क्यावरून बोटीच्या पोटात जाते आणि पुन्हा दृष्टीस पडते ते मुंबईला बॅलार्ड पियरवर. तीन वर्षांची अशी दोन रकान्यांत वाटणी करायला बसले की हात अडतो.

पुस्तकांपाशी तर फारच अडतो. १९१७ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, तेव्हा त्यांचे ग्रंथ निराळ्या बोटीने निघाले होते आणि युद्धाच्या त्या दिवसांत ती बोट पाणबुडीने बुडविली. पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेल्याचे ज्याला कळले, त्या विद्यार्थ्याच्या मनात त्या दिवशी काय उलथापालथ झाली असेल, याचा विचार मी या ट्रंकेपाशी बसून अनेकदा केला आहे. आज समुद्र शांत आहे. गेल्या हिवाळ्यात बंद पडलेला सुवेझचा कालवा एप्रिलमध्ये पुन्हा खुला झाला आहे. तरीही टिपणांच्या वह्या मी हातच्या पेटीतच ठेवल्या.

सोलापुरात आमच्या घरी सूत रंगविण्याचा धंदा आजोबांच्याही आधीपासूनचा. आलाच्या मुळीचा तांबडा रंग जर्मन कारखान्यांतल्या स्वस्त रंगापुढे मागे पडला, पुढे नीळही त्याच वाटेने गेली, आणि अण्णांच्या वाट्याला आले ते डब्यांतले रंग, धुमसणारी भट्टी आणि कोपरापर्यंतचे कधीच पुरते न उतरणारे डाग. रंगाची परीक्षा मात्र त्यांनी आजोबांचीच ठेवली. लड पिळून झाली की ते ती घेऊन उंबऱ्याबाहेर येत, भर दुपारच्या उन्हात दोन्ही हातांनी ताणून धरीत, मग एक टोक ओले करून आपल्या पांढऱ्या धोतराच्या सोग्यावर घाशीत. सोग्यावर रेघ उमटली तर एक अक्षरही न बोलता लड बाजूला ठेवीत, आणि त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

इथे विद्यापीठात रीत निराळी. नमुने जुळवायचे ते उत्तरेकडच्या खिडकीशी, कारण त्या बाजूने ऊन थेट आत येत नाही आणि उजेड बराचसा एकसारखा राहतो. धुराड्यांच्या काजळीने ज्याच्या इमारतींचा मूळचा दगड झाकून गेला आहे, अशा या गावाने मला रंग पाहायला शिकविले, हे ऋण मी कधी विसरणार नाही. त्याच खिडकीशी पहिल्या वर्षी दोन हिरवट करड्या पट्ट्या पाहिल्या होत्या. रंगद्रव्ये निरनिराळी, पण जुळणी अशी की सांधा दिसू नये. अध्यापकांनी त्याच पट्ट्या उचलून विजेच्या दिव्याखाली नेल्या, आणि एक हिरवीच राहिली, दुसरी तपकिरीकडे झुकली. सुतात किंवा रंगात काहीच बदलले नव्हते. बदलला होता तो उजेड.

दर पंधरवड्याला निळ्या हवाईपत्रावर ‘तीर्थरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार’ लिहिणारा मी आणि या खोलीत राहणारा मी, यांचा सांधा पत्रांत कधी दिसला नाही. दिसू नये अशी दक्षताही मी घेतली, हे कबूल केले पाहिजे. वडीलधाऱ्याने सांगितले एवढ्यावर एखादी गोष्ट मान्य करणे आता मला जमत नाही, आणि एकटेपण मला आवडू लागले आहे. सोलापूरच्या दुपारी, उंबऱ्याबाहेर, हे कसे दिसेल?

नेण्यासारखे मात्र माझ्यापाशी खरोखरच काही आहे. गेल्याच वर्षी मँचेस्टरच्या ब्लॅकली भागातल्या संशोधनातून निघालेले नवे रंग बाजारात आले. ते सुतावर नुसते बसत नाहीत, कापसाच्या तंतूशी रासायनिक बंधनाने जोडले जातात. मीठ आणि सोडा एवढ्यावर ते थंड पाण्यातही चढतात. अण्णांचे डोळे भट्टीच्या धुराने अधू झाले आहेत. रंग चढवायला आता पाणी उकळावे लागणार नाही, हे वाक्य त्यांच्यासमोर कसे उच्चारावे याची मनाशी किती उजळणी केली, त्याला गणती नाही.

त्यांनी टपालाने धाडलेल्या सुताच्या लडीवर मी या रंगांचे नमुने काढले आणि वहीत ओळीने शिवले. एडन मागे पडले की आकाशात आपल्याकडचे ऊन येईल, डेकवर वेळच वेळ असेल, आणि वही उघडून पाहण्याचा मोह मला आवरणार नाही. म्हणून काल रात्री ती घरून आणलेल्या एका जुन्या पांढऱ्या धोतरात गुंडाळली, वर सुतळी बांधली आणि घरमालकीणबाईंकडून लाख मागून आणून गाठीवर ओतली. ती गाठ अण्णांनीच सोडायची आहे.