तांब्याचा वायसर

आमची जुनी डिझेल जीप रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू व्हायची नाही. फिल्टरखाली ओला डाग. जिथून थेंब गळतो तिथूनच हवा आत शिरते, हे मला तेव्हा कुठं ठाऊक! मी आपला बोल्ट आवळत बसायचो.

ताईला कळा सुरू झाल्या त्या पहाटेही तेच. आबा म्हणाले, "आवळू नको, आटे जातील. वायसर काढ." तांब्याचा तो वायसर त्यांनी चिमट्यात धरून चुलीत लाल केला, पाण्यात टाकला. "मऊ झाला. आता बसंल." मग वरचा स्क्रू सैल करून मी हातपंप मारत राहिलो. फेस, नुसता फेस. एकदाची स्वच्छ धार आली.

दुसऱ्या सेल्फला जीप धडधडली. ताईला धरून आई आधीच मागं बसली होती.