मोटारीचा वैद्य

घरांत मोटार येते त्या दिवशीं तिला हार घालतात, चाकाखालीं लिंबू ठेवतात आणि आळींत पेढे वाटतात. पुढें तिला दुखणें आलें तर कोणाच्या दारीं न्यावी, याचा विचार त्या दिवशीं कोणी करीत नाहीं. वॉरंटीचीं वर्षें असतात तोंवर तो करावाही लागत नाहीं. ठरलेल्या मुदतीस गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते आणि परत येते. मुदत संपली म्हणजे मात्र एकत्र कुटुंबांत दोन पक्ष पडतात. आमच्या घरींही ते पडले आहेत. धाकटे बंधू बँकेंतून निवृत्त झालेले. छापील पावतीवर त्यांची श्रद्धा. पुतण्याचें म्हणणें असें कीं, सर्व्हिस सेंटरवाले काचेच्या दालनाचे आणि फुकटच्या कॉफीचे पैसे आपल्याच बिलांत लावतात. तेंच काम ओळखीचा मिस्त्री पुष्कळ कमी पैशांत करतो.

हा वाद ऐकतांना आम्हांस नेहमीं चरकसंहितेची आठवण होते. तिच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. वैद्याचे गुणही चारच मोजले आहेत : शास्त्राचें निर्मळ ज्ञान, वारंवार पाहिलेलें कर्म, हाताचें कौशल्य आणि शुचिता. वैद्याचें घर केवढें असावें व दारावर पाटी कोणाची असावी, यांचा त्या गुणांत समावेश नाहीं. मोटारीच्या वैद्यासही हीच कसोटी लावावी, असें आम्हांस वाटतें.

गेल्या मे महिन्यांत ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरण्याचें ठरलें होतें. गाडींत माणसें सात. त्यांत तीन लहान मुलें. निघण्यापूर्वीं आठ दिवस पुढच्या चाकांतून किंचाळल्यासारखा आवाज येऊं लागला. एका सर्व्हिस सेंटरनें जें एस्टिमेट दिलें, त्यांत पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड तर होतेच. शिवाय इंजिनाचें डीकार्बनायझेशन, एसीची निर्जंतुक धुलाई आणि बॉडीला टेफ्लॉन कोटिंग हींही होतीं. आंकडा पांच अंकी होता. डिस्क कशासाठीं बदलावयाची, असें विचारलें असतां, "घाटांत जाणार ना? सेफ्टीसाठीं," एवढेंच उत्तर मिळालें. मुलांच्या जिवाचें नांव पुढें केलें कीं बापाची काय किंवा आजोबाची काय, वाचाच बसते.

पुतण्यानें गाडी आपल्या मिस्त्र्याकडे नेली. आम्हीही बरोबर गेलों. त्यानें चाक काढलें आणि आम्हांस जवळ बोलावून दाखविलें. पॅडला धातूची एक लहानशी पट्टी असते. पॅड झिजत आला म्हणजे ती डिस्कवर घासून ओरडते. तो आवाज बिघाडाचा नसून इशाऱ्याचा असतो. डिस्कची किमान जाडी तिच्या अंगावरच कोरलेली असते. मिस्त्र्यानें मायक्रोमीटरनें मोजून दाखविलें. जाडी त्या मर्यादेच्या बरीच वर होती. भेगा नव्हत्या, खोल चरेही नव्हते. पॅड मात्र संपले होते. ते बदलल्यावर त्यानें आपणहून विचारलें, "सर, ब्रेक ऑइल शेवटचें कधीं बदललें होतें?" तीन वर्षें होऊन गेलीं होतीं. हें तेल हवेंतलें पाणी शोषून घेतें. लांबच्या उतारावर ब्रेक तापले कीं त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पायाखालीं नुसतें खचत जातें. घाटांतला खरा धोका हा होता, आणि त्या लांबलचक एस्टिमेटांत नेमकें हेंच काम नव्हतें.

एवढ्यावरून पुतण्याचा पक्ष जिंकला असें कोणी समजूं नये. पुढें चार महिन्यांनीं डॅशबोर्डावरचा एअरबॅगचा दिवा पेटला, तेव्हां त्याच मिस्त्र्यानें गाडीस हात लावला नाहीं. "हें माझ्या स्कॅनरवर पुरतें दिसत नाहीं. कंपनींत न्या," असें त्यानें सांगितलें. आपल्या विद्येची सीमा ओळखून ती उघडपणें बोलून दाखविणें, हीच आमच्या मतें शुचिता. आजची मोटार निम्मी यंत्र आणि निम्मी संगणक आहे. एअरबॅग, एबीएस आणि किल्लीचें इलेक्ट्रॉनिक कुलूप यांस कंपनीचीं उपकरणें लागतात. कारखान्यांतच राहून गेलेल्या दोषासाठीं कंपनीनें गाड्या परत बोलाविल्या, तर ती दुरुस्तीही कंपनीच्याच दारीं आणि विनामूल्य व्हावयाची.

पण मिस्त्र्याचें ज्ञान तोकडें पडतें, याचा सगळा दोष त्याच्या माथीं मारतां येत नाहीं. दुरुस्तीचे ग्रंथ, स्कॅनरच्या आज्ञावली आणि अस्सल सुटे भाग खुल्या बाजारांत मिळूं न देण्याची रीत पुष्कळ कंपन्यांनीं पाळली. भारतीय स्पर्धा आयोगानें २०१४ च्या ऑगस्टमध्यें १४ मोटार-उत्पादकांना याच कारणासाठीं मिळून सुमारें २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि माहिती मिळाली पाहिजे, असें त्या आदेशांत होतें. प्रकरण पुढें न्यायालयांत गेलें, तरी प्रश्न चव्हाट्यावर आला. २०२२ च्या डिसेंबरांत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं जें पोर्टल उघडलें, त्यांत मोटारींचाही समावेश आहे. विद्या कोंडून ठेवल्यानें काय होतें, हें आम्हां पोथीवाल्यांच्या कुळांतील माणसांस दुसऱ्यानें सांगावयास नको. ज्यांना शतकानुशतकें बाहेर उभें केलें, त्यांच्या हातांत बुद्धि नव्हती असें नाहीं, पोथी नव्हती. नाना पेठेंतून सुटे भाग धुंडाळून आणणाऱ्या आणि आपल्या अनुभवावर इंजिन बोलतें करणाऱ्या माणसास "अशिक्षित" म्हणण्यापूर्वीं त्याला पोथी कोणी दिली नाहीं, हें आठवावें.

आतां चौथा पाद, रोगी. चरकानें त्यालाही गुण सांगितले आहेत. स्मरणशक्ति आणि आपलें दुखणें नीट सांगतां येणें, हे त्यांतले दोन. मोटार मुकी, तेव्हां हे गुण मालकानेंच अंगीं बाणवावे लागतात. आमच्या घरीं ते सूनबाईंनीं बाणविले आहेत, कारण मुलांना शाळेंत सोडण्यास गाडी रोज त्याच नेतात. "ब्रेक खराब झाला" असें त्या म्हणाल्या नाहींत. आवाज पुढच्या डाव्या चाकांतून येतो, पाय ब्रेकवर ठेवला तरच येतो आणि सकाळीं अधिक येतो, असें त्यांनीं सांगितलें. मिस्त्र्याचें निम्में निदान तेथेंच झालें. गाडीच्या कप्प्यांत त्यांनीं एक वही ठेविली आहे. कोणत्या तारखेस, किती किलोमीटरवर, काय बदललें आणि किती पैसे दिले, एवढेंच तींत असतें. सर्व्हिस सेंटरमध्यें तक्रार ऐकणारा एक आणि गाडी उघडणारा दुसरा असतो. म्हणून तेथें तर तक्रार लिहूनच द्यावी.

घराघरांतून हा प्रश्न विचारला जातो, म्हणून आमचा निवाडा थोडक्यांत सांगतों. वॉरंटी आहे तोंवर कंपनी सोडूं नये. पुढेंही एअरबॅग, संगणक आणि परत बोलाविलेल्या गाडीचें काम तिकडेच न्यावें. तेल, पॅड, क्लच, सस्पेन्शन यांस चांगला मिस्त्री पुरेसा आहे. मात्र तो बिल देणारा आणि भागाचें खोकें दाखविणारा असावा. दोन्हीकडे काढलेला जुना भाग परत मागावा. तो दाखविण्यास जो कां कूं करतो, त्याच्या दारावर कोणतीही पाटी असो, तेथें पुन्हां जाऊं नये.

आमच्या घरचे दोन पक्ष अद्याप कायम आहेत, आणि ते मोडावेत असें आम्हांस वाटत नाहीं. बंधू आतां मिस्त्र्याकडे पक्कें बिल मागतात. पुतण्या सर्व्हिस सेंटरमध्यें डिस्कची जाडी विचारतो. एकाच्या संशयाचा लाभ दुसऱ्यास मिळतो आणि त्या दोघांच्या भांडणावर घाट उतरतांना मुलें मागें निर्धास्त झोपतात.