क्लॅरोनेटच्या जुन्या वहीचा शोध

आमच्या वस्तीत बँडवाल्यांची चार घरे आहेत. लग्नसराईत ही मंडळी रात्री दोनला घरी येतात. पावसाळ्यात वाद्ये खुंटीला टांगून मिळेल ते काम करतात. त्यांपैकी एका घरातला मुलगा क्लॅरोनेट वाजवतो. बाप कानाने वाजवणारा. सिनेमाचे गाणे दोनदा ऐकले की त्याच्या बोटांवर येते. मुलगा मात्र धोबी तलावच्या एका वृद्ध गोवेकर मास्तरांकडे स्टाफ नोटेशन शिकला. लंडनच्या संस्थांच्या संगीत परीक्षा मुंबईत होतात. त्यांतली वरची परीक्षा पास झालो तर शाळेत संगीतशिक्षक म्हणून अर्ज करता येईल, नाहीतर आहेच वरात, असा त्याचा हिशेब. वाजवायला त्याने निवडला मोझार्टच्या क्लॅरोनेट कॉन्चेर्टोचा मधला, संथ भाग. आणि घोडे अडले ते वहीपाशी.

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. नोटेशन आमच्या लेखी मुंग्यांची रांग. पण हरवलेला कागद शोधून काढणे ही आमची रोजची नोकरी, म्हणून वस्तीने हे काम आमच्यावर टाकले.

अडचण समजायलाच आम्हाला दोन दिवस लागले. हे संगीत 'ए' पट्टीच्या क्लॅरोनेटसाठी लिहिलेले आहे. भीमगीतांना पेटीची साथ करणाऱ्यांच्या भाषेत पांढरी सहा. बँडमध्ये चालते ते बहुधा 'बी फ्लॅट', म्हणजे काळी पाच. 'ए'चे वेगळे वाद्य घ्यायचे तर बापाचे दोन हंगाम त्यातच जातील. हातातल्या वाद्यावर तेच पान, त्याच बोटांनी वाजवता येते; फक्त सगळे अर्धा सूर वर ऐकू येते. मग साथीच्या पियानोलाही अर्धा सूर वर चढावे लागते. म्हणजे बदलतो तो पियानोवाल्याचा कागद. जुन्या काळी असा चढवलेला पियानो छापून आवृत्त्या निघाल्या होत्या. मास्तरांकडे एक होती. कुणी शिष्य घेऊन गेला, ती गेलीच. छपाई बंद होऊनही जमाना झाला.

दुकानात नवी आवृत्ती परदेशातून मागवता येत होती, पण 'ए'ची. साथीला बसणाऱ्या बाईंनी साफ सांगितले की, समोर लिहिलेले असेल तेच वाजवीन, मनातल्या मनात पट्टी बदलणार नाही. एका पोराने संगणकावर पाने चढवून पाहिली, पण फोटोवरून सूर भलतेच उमटले. दोन जुन्या वाचनालयांत आम्ही विचारपूस केली. तिथे पियानोच्या वह्या होत्या, क्लॅरोनेटची एकही नव्हती.

या शोधात एक गोष्ट कळली आणि आम्ही थक्क झालो. आपण एका छापील प्रतीसाठी हिंडतो आहोत, पण मोझार्टच्या हातची मूळ प्रतच कुणाजवळ नाही! त्याने हे संगीत १७९१ साली अँटोन श्टाडलर या वादक मित्रासाठी लिहिले आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला तो वारला. श्टाडलरचे वाद्य खास होते, नेहमीच्या क्लॅरोनेटपेक्षा खाली चार सूर जास्त जाणारे. मोझार्टची विधवा कॉन्स्टान्झे हिने १८०० साली एका प्रकाशकाला पत्र लिहिले. श्टाडलर म्हणतो की, प्रवासात त्याची पेटी चोरीला गेली आणि मोझार्टचे कागद त्यातच होते. पण दुसरे लोक सांगतात की, पेटी चोरीला गेली नाही, ७३ डुकाटांना गहाण पडली. डुकाट म्हणजे सोन्याचे नाणे. त्या पेटीत वाद्येही होती, असे बाईंना वाटत होते. गहाण पडलेले वाद्य आमच्या वस्तीला नवे नाही. हे ऐकून मुलाचा बाप पहिल्यांदा मोझार्टविषयी आपणहून बोलला. म्हणाला, "म्हणजे तिकडेही असंच."

१८०१ साली कॉन्चेर्टो छापला गेला तेव्हा खालचे सूर वर उचलून तो साध्या वाद्याला बसवलेला होता. १८०२ साली लाइपझिगच्या एका संगीतविषयक नियतकालिकाच्या परीक्षकाने हे हेरले आणि मूळ जागा कशा होत्या ते दाखवले. एका परीक्षणाने केवढे काम केले पाहा. त्याच्या आधाराने पुढे मूळ पाठ जुळवण्यात आला. १९७७ साली मोझार्टच्या समग्र संगीताच्या खंडात दोन्ही पाठ आले, आणि डिसेंबर २००६ पासून साल्झबर्गच्या मोझार्टेउम प्रतिष्ठानने ते समग्र संगीत इंटरनेटवर फुकट ठेवले आहे. त्यावरून मुलाने क्लॅरोनेटची ओळ रेघी वहीत हाताने उतरवून घेतली. पण पियानोचा कागद त्यात कुठला असणार?

तो मिळाला चोर बाजारात. मटण स्ट्रीटच्या एका दुकानात फुटक्या ग्रामोफोनखाली नोटेशनची बाडे होती. मास्तरांना टॅक्सीने नेले होते. खुर्चीवर बसून ते एकेक बाड उलटत होते. तासाभराने त्यांनी एक काढले आणि नुसती बोटे फिरवायला लागले. काळी पाचची प्रत! क्लॅरोनेटचे सुटे पान आतून गहाळ झालेले, म्हणून दुकानदार चारशेवरून दीडशेवर आला. आम्हाला तर सुट्या पानाची गरजच नव्हती. ते वहीत उतरलेलेच होते.

संथ भागाची पाने शाबूत आहेत. बाईंनी ती पारदर्शक पट्टीने चिकटवून घेतली आणि रविवारी सराव सुरू झाला. फी वस्तीने वर्गणीने भरली. पण तिसऱ्या भागाची शेवटची चार पाने प्रतीत नाहीत, आणि मुलाला पुढे सगळा कॉन्चेर्टो वाजवायचा आहे. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या घरी बँडमध्ये वाजवणाऱ्या वडीलधाऱ्यांचे जुने नोटेशन असेल, तर रद्दीत घालण्यापूर्वी आम्हाला एका पोस्टकार्डाने कळवावे. आम्ही स्वतः येऊन पाहून जाऊ.