गजावरची खूण

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमचे पाच आठवडे अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, लँकेस्टर परगण्यात गेले. कन्या आणि जावई तेथे नोकरीनिमित्त राहतात. बेळगावहून निघताना परिचितांनी न्यूयॉर्क पाहा, नायगारा पाहा अशी यादीच हाती दिली होती, आणि ती स्थळे आम्ही पाहिलीही. परंतु त्यांची वर्णने वाचकांनी इतक्या वेळा वाचली आहेत की त्यांत भर घालण्याचे धाडस आम्ही करीत नाही. लँकेस्टरविषयी मात्र चार शब्द लिहावेसे वाटतात, आणि त्यातही तेथील एका वस्तूविषयी.

हा मुलूख शेतकऱ्यांचा. जमीन चुनखडीवरची, सुपीक. उंचसखल शेते आणि मधूनमधून पांढरीशुभ्र घरे. आमिश पंथाचे लोक येथे अजूनही खेचरे जुंपून नांगरतात आणि घोड्याच्या बग्गीतून बाजारास जातात. आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातील. आमच्या डोळ्यांदेखत गावातून बैल गेले आणि ट्रॅक्टर आले. अमेरिकेत येऊन नांगरामागे चालणारा मनुष्य पाहावा, याचे आम्हांस हसू आले आणि थोडे बरेही वाटले.

शहराच्या उत्तरेस लँडिस व्हॅली नावाचे संग्रहालय आहे. हेन्री आणि जॉर्ज लँडिस या दोघा भावांनी आसपासच्या शेतकरी घरांतील जुन्या वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि 1925 साली त्या लोकांसाठी खुल्या केल्या. नांगर, चरखे, पाळणे पाहत फिरताना या परगण्याची खरी कीर्ती ज्या वस्तूमुळे आहे तिच्यापाशी आम्ही येऊन थांबलो. ती म्हणजे पेन्सिल्व्हेनियाची लांब नळीची रायफल. आपल्याकडे जिला ठासणीची बंदूक म्हणतात तिचीच ही बहीण; मात्र हिच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात.

अठराव्या शतकात जर्मनी व स्वित्झर्लंडमधून आलेल्या कारागिरांनी आपल्याबरोबर आखूड, जाड नळीची शिकारी रायफल आणली. येथील अरण्यात तिचा जाच होऊ लागला. शिसे आणि दारू पाठीवर वाहून न्यायची, आणि गोळी तर मोठी! तेव्हा या मंडळींनी नळी लांबविली, 42 इंच आणि त्याहूनही अधिक, आणि तिचे छिद्र लहान केले. शंभरांश इंचांत मोजावयाचे तर साठच्या छिद्राच्या गोळ्या एक पौंड शिशात वीस-बावीस होतात, पंचेचाळीसच्या पन्नासाहून अधिक. दस्ता लाटांसारख्या रेषा उमटणाऱ्या मेपल लाकडाचा, आणि त्यात पितळी झाकणाची एक कुपी, चिंध्या ठेवण्यासाठी. लँकेस्टरच्या जेकब डिकर्ट या कारागिराच्या रायफली फार नावाजलेल्या होत्या. पुढे लोक या बंदुकीला केंटकी रायफल म्हणू लागले. बनविली लँकेस्टरने आणि नाव झाले केंटकीचे. असे जगात चालतेच.

कन्येने सहज विचारले, "बाबा, आपल्या गावच्या घरीही अशी बंदूक होती ना?" आम्ही नुसते हूं म्हटले. आमच्या घरात त्या बंदुकीचा विषय चाळीस वर्षे कोणी काढीत नव्हते.

जावयांच्या शेजारी एक निवृत्त सुतार राहतात. सत्तरी ओलांडलेले, मितभाषी. आम्ही संग्रहालयात काय पाहून आलो हे कळताच त्यांनी आम्हांस आपल्या कोठारात नेले. भिंतीवर तीन लांब बंदुका होत्या, तिन्ही नव्या काळात जुन्या पद्धतीने घडविलेल्या. त्यांतून समजले की या राज्यात 1974 पासून चकमकीच्या बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा स्वतंत्र हंगाम असतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू होतो. बर्फ पडलेले असते आणि आधुनिक बंदुकीवाले शिकारी बहुतेक घरी परतलेले असतात. पांढऱ्या शेपटीची ही हरणे येथे फार माजली आहेत. लांडगे केव्हाच नाहीसे झाले, हरणे शेते खातात आणि मोटारींखाली सापडतात. हे सारे पटले, तरी हरीण मारण्याच्या गोष्टी ऐकताना आमच्या मनास सुख होत नव्हते हे येथे नमूद केले पाहिजे. आमचे लक्ष होते ते बंदुकीकडे.

ती निवडावी कशी? आम्ही विचारले आणि सुताराचे हात बोलू लागले. दस्ता कोपराच्या खळीत टेकवायचा. बोट सहज चापावर पोहोचले पाहिजे. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. नेम आपोआप रेषेत आला, तर ती बंदूक तुमच्यासाठी घडली आहे. मान वाकवावी लागली, तर कितीही सुंदर असो, ठेवून द्यायची. हरणासाठी राज्याच्या नियमाने चव्वेचाळीसहून लहान छिद्र चालत नाही. त्यांची स्वतःची पन्नासची. खाचांचा पीळ सावकाश हवा, साठ-सत्तर इंचांत एक फेरा, म्हणजे चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी खाचांवरून घसरत नाही. पन्नासच्या बंदुकीची गोळी त्यांनी आमच्या तळहातावर ठेवली. वजन विचारले तेव्हा त्यांनी ग्रेनमध्ये सांगितले, एकशे सत्त्याहत्तर. जुना तोळा एकशे ऐंशी ग्रेनचा. म्हणजे तोळाभर शिसे आणि त्यामागे अर्ध्या तोळ्याहून किंचित कमी दारू! आमच्या वडिलांनी हेच प्रमाण याच शब्दांत सांगितले असते.

पुढच्या शनिवारी ते आम्हांस शेतामागच्या मातीच्या बांधापाशी घेऊन गेले. आम्ही मुख्याध्यापक आहोत हे जावयांनी सांगितल्यापासून ते आम्हांस 'मास्तर' या अर्थाच्या शब्दाने हाक मारीत. "बार तुम्ही भरा, मास्तर," ते म्हणाले, "मी फक्त पाहीन."

पहिली गोष्ट म्हणून त्यांनी नळीखालचा गज काढून आमच्या हाती दिला. हिकरी नावाच्या चिवट लाकडाचा तो गज. त्यावर दोन ठिकाणी खाचा कोरून शाई भरलेली होती. "हा नळीत सोडा. रिकाम्या बंदुकीत तो या वरच्या खुणेपर्यंत आत जातो. खालची खूण भरलेल्या बंदुकीची. गज वर राहिला, तर आत काहीतरी आहे. बंदूक कोणीही दिली, अगदी माझ्या बायकोने दिली, तरी आधी गज टाकायचा."

आम्ही गज सोडला. तो ठण्णकन् आवाज करीत वरच्या खुणेपर्यंत गेला. आमचे हात किंचित कापत होते. त्यांना ते वयामुळे वाटले असावे.

नंतरची कृती अशी. नळीतील तेल कोरड्या चिंधीने पुसायचे, कान तारेने मोकळा करायचा. घोडा अर्ध्यावर, रंजकाची वाटी उघडी. शिंगातील दारू थेट नळीत कधी ओतायची नाही. आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत जिवंत असेल तर हातातले शिंगच फुटेल. म्हणून ती मापात घ्यायची आणि मापातून नळीत. नळीला हाताने दोन थापा. चरबी चोळलेली सुती चिंधी तोंडावर, तिच्यावर गोळी, आखूड दांड्याने ती थोडी आत, आणि मग गज. गज तोंडाजवळ धरून वीत-वीत रेटायचा, लांबून जोर दिला तर मोडून तळहातात घुसतो. गोळी दारूला पक्की भिडली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली, तर नळी फाटण्याचे भय. गज आता खालच्या खुणेशी आला की काम झाले. रंजक सर्वांत शेवटी, चिमूटभर बारीक दारू, कानाच्या खाली राहील इतकीच. आणि घोडा पुरता चढवायचा तो हरीण नजरेस पडल्यावर.

मराठीत आपण 'ठासून सांगणे' म्हणतो, 'फुसका बार' म्हणतो. वर्गात हे शब्दप्रयोग आम्ही किती वर्षे शिकविले! पण गोळी दारूला भिडल्याचा तो बोथट धक्का गजातून तळहातास जाणवला, तेव्हा 'ठासून' या शब्दाचा अर्थ आम्हांस प्रथमच हाताने कळला.

बार त्यांनी उडविला. आधी रंजकाचा भपका, मग क्षणार्धाचा विलंब, मग धडाका, आणि पांढरा धूर इतका की समोरचा बांध दिसेनासा झाला. तो क्षणार्ध हीच या बंदुकीची परीक्षा. त्यात नेम हलला तर सारे व्यर्थ. गेल्या हंगामात दमट हवेत त्यांचे रंजक नुसतेच भुरकन् जळून गेले आणि साठ पावलांवरची हरिणी त्यांच्याकडे पाहत उभी राहिली, मग सावकाश निघून गेली. हे सांगताना ते प्रथमच हसले.

"दिवसभर बार उडालाच नाही, तर संध्याकाळी काय करता?" आम्ही विचारले.

"मातीत उडवून टाकतो. भरलेली बंदूक घरात येत नाही."

यावर आम्ही गप्प राहिलो. आता ते का, हे वाचकांना सांगितले पाहिजे.

1981 साली आम्ही दहा वर्षांचे होतो. शेत रानाला लागून. भात पोटऱ्यात आले की रानडुकरांचा उच्छाद. त्यांना हुसकावण्यासाठी वडिलांच्या नावे परवान्याची ठासणीची बंदूक होती, टोपीची. एक रात्र वडील माळ्यावर जात, एक रात्र धाकटे काका. दारू महाग, म्हणून न उडालेला बार तसाच दुसऱ्या रात्रीसाठी ठेवण्याची रीत. पावसाळी हवेत एके रात्री काकांचा बार उडाला नाही. त्यांनी बंदूक पडवीत आणून ठेवली. दुसऱ्या रात्री वडिलांनी ती रिकामी समजून पुन्हा भरली. नळी फुटली. वडिलांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे गेली.

काका म्हणत, मी वहिनीजवळ सांगितले होते. आई म्हणे, माझ्या कानावर काही आले नाही. वडील म्हणत, नळीच खोटी होती, विकणाऱ्याने फसविले. भावाला दोष लागू नये म्हणून ते तसे म्हणत, असे आम्हांस पुढे वाटू लागले. पण त्यांनी काकांशी बोलणेही सोडले. अंगणात मधोमध कुंपण आले. वडील गेले तेव्हा काका खांद्याला आले, बोलले नाहीत.

सुतारांना आम्ही यातले अर्धेमुर्धे सांगितले. त्यांनी बंदूक गरम पाण्याने आणि साबणाने धुवायला घेतली. या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळूनही राख होऊन नळीतच राहतो आणि ओल धरून ती खातो. बराच वेळ धुतल्यावर ते म्हणाले, "तुमच्याकडच्या गजावर खूण होती का?"

आम्हांस ठाऊक नव्हते.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही गावी गेलो. कुंपण आता मोडकळीस आले आहे. काका ऐंशीचे पुढे, पडवीत बसलेले. अमेरिकेची चौकशी झाली, चहा झाला. मग आम्ही विचारले.

"काका, आपल्या बंदुकीच्या गजावर खूण होती का?"

ते बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. "आता ते कशाला रे काढतोस?" मग थोड्या वेळाने, "होती की. दादानंच कोरली होती, कानशीनं. मला शिकवलीही त्यानंच."

"मग त्या रात्री?"

"कंदील विझला होता म्हणे. डुकरं आत शिरली होती. घाई झाली असंल." ते थांबले. "आणि मी सांगायला हवं होतं ते त्यालाच. वहिनीला न्हवं. तिला त्यातलं काय कळणार."

ते उठले आणि गोठ्यात गेले. आम्हांस वाटले, विषय संपला. पण ते एक लोखंडी गज घेऊन परत आले. इतकी वर्षे तो गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून होता. गंजाने फुगलेला. आम्ही दोघांनी तो उजेडात धरून इकडून तिकडून पाहिला, काकांनी धोतराच्या सोग्याने पुसला. खूण कोठे होती ते सापडेना. तेव्हा काकांनी डोळे मिटले, गजाच्या टोकापासून अंगठा हळूहळू वर नेला आणि एके ठिकाणी थांबविला.

"इथं बघ," ते म्हणाले.

आम्ही तेथे बोट ठेवले.