गुडघ्यांच्या वेगानं पॅरिस

बेंगळुरूतल्या बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत युरोपला जाऊन आलेल्या माणसांना तोटा नाही. कुणी मशीनच्या ट्रायलसाठी जर्मनीला जातं, कुणी ऑडिटसाठी फ्रान्सला. त्यांचं पॅरिस म्हणजे कामाच्या शेवटी हाताला लागलेला एक शनिवार-रविवार. आयफेल, लूव्हर, नदीतली बोट, संपलं. मीही आधी कंपनीच्या कामानं तशीच धावतपळत जाऊन आले होते. 2025 च्या मे महिन्यात मिरजेहून आई-बाबांना बोलावून घेतलं आणि दोघांना पॅरिसला घेऊन गेले, तेव्हा त्या माहितीचा काडीचाही उपयोग झाला नाही. दोघांनीही सत्तरी ओलांडलेली. आईचे गुडघे दुखतात, बाबांना मधुमेह. त्यामुळे 'काय बघायचं' याच्या आधी 'किती पायऱ्या आहेत' हे विचारावं लागे. हा प्रश्न प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकात नसतो.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. फ्रान्सचा अर्ज बेंगळुरूतच देता येतो, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, फी 90 युरो. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा लागतो. वयस्कर माणसांच्या विम्यात जुन्या आजारांबद्दल काय लिहिलंय तेवढं मात्र बारीक अक्षरांसकट वाचा. औषधांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण आपल्याकडचे ब्रँड तिथल्या औषधवाल्याला ठाऊक नसतात. बाकी कागद एजंट करतो.

खाण्याच्या पिशवीवरून घरात वाद झाला. आईला पेढे आणि तूप न्यायचं होतं. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे मागे राहिले. दशम्यासुद्धा आईनं दुधाऐवजी पाण्यात भिजवून केल्या आणि 'याला दशमी म्हणायचं का' असं विचारत बांधल्या. चिवडा, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सुखरूप पोचली.

बोम्मसंद्रा शहराच्या दक्षिण टोकाला आणि विमानतळ उत्तरेला देवनहळ्ळीत, म्हणजे प्रवासाचा पहिला टप्पा बेंगळुरू आडवंतिडवं ओलांडण्यातच जातो. पॅरिसला उतरलो तेव्हा त्या मानानं सुख वाटलं. शार्ल द गोल विमानतळावरून शहरात यायला 'आरईआर बी' ही रेल्वे आहे, तिकीट त्या वर्षी माणशी 13 युरो. तिघांचे झाले 39. टॅक्सीचा दर सरकारनं बांधून दिलेला आहे. सीन नदीच्या उजव्या तीरावर 56 युरो, डाव्या तीरावर 65. एकटं माणूस असेल तर रेल्वे, पण तीन माणसं, चार बॅगा आणि दुखरे गुडघे असतील तर वरचे सतरा युरो मुकाट्यानं द्यावेत. फक्त टॅक्सी रांगेतलीच घ्यायची. दारापाशीच 'टॅक्सी, मॅडम?' म्हणत अंगावर येणारे असतात, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

आता मेट्रो. पॅरिसची मेट्रो 1900 सालची. शहराच्या पोटात ती खोदली तेव्हा लिफ्टचा विचारच कुणी केला नव्हता, आणि आता त्या जुन्या बोगद्यांमध्ये लिफ्ट बसवणं महाकर्मकठीण. सगळीकडे लिफ्ट असलेली मार्गिका एकच, 1998 साली सुरू झालेली 14 क्रमांकाची. बाकीच्या ठिकाणी गाडी बदलायची म्हणजे चढा, उतरा, लांबलचक बोळातून चाला, पुन्हा चढा. पहिल्याच दिवशी एका स्टेशनवर आई जिन्याच्या मध्यावर कठडा धरून उभी राहिली. खालून माणसांचा लोंढा येत होता आणि ती शांतपणे सगळ्यांना वाट देत होती. वर आल्यावर म्हणाली, "उद्यापासून मी जमिनीवरूनच हिंडणार." आमच्या बोम्मसंद्र्याची मेट्रो, म्हणजे यलो लाइन, त्याच वर्षी 10 ऑगस्टला सुरू झाली. तिच्या स्थानकांत लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत. उशिरा बांधण्याचे काही फायदेही असतात.

आईच्या त्या हुकुमामुळे आम्हांला बस सापडली. तीच या सगळ्या प्रवासातली माझ्या मते सर्वांत कामाची गोष्ट. पॅरिसच्या बसचा तळ फुटपाथच्या उंचीला येतो, म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा राखीव असते आणि तिकीट मेट्रोपेक्षा स्वस्त. 2025 साली मेट्रोचं अडीच युरो होतं, बसचं दोन. दोन्हींची तिकिटं वेगळी असतात, मेट्रोतून उतरून त्याच तिकिटावर बसमध्ये चढता येत नाही. 'नाविगो इझी' नावाचं कार्ड दोन युरोला मिळतं, त्यावर तिकिटं भरायची. हे कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं. एकाच कार्डावर सगळं कुटुंब नेलं तर तपासनीस दंड करतो.

69 नंबरची बस लक्षात ठेवा. आयफेल टॉवरजवळच्या शाँ द मार्सपासून निघते आणि ऑर्से, लूव्हर, बास्तीय करत थेट पेर लाशेझच्या दफनभूमीकडे जाते. दोन युरोत बसल्या जागी निम्मं पॅरिस. बाबांना ही बस इतकी आवडली की एका दुपारी त्यांनी कुठेही न उतरता नुसती सैर केली. खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होते, उच्चार सगळे मिरजेचे.

लूव्हर मंगळवारी बंद असतं आणि ऑर्से सोमवारी. हे आधी बघून ठेवा. लूव्हरचं तिकीट ठरलेल्या वेळेचं घ्यावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा ते 22 युरोंना होतं, जानेवारी 2026 पासून आपल्यासारख्या युरोपाबाहेरच्यांना 32 झालंय. आत व्हीलचेअर आणि घडीची स्टुलं फुकट मिळतात, ओळखपत्र ठेवावं लागतं, ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. आईनं व्हीलचेअरला साफ नकार दिला. स्टूल मात्र काखेत मारलं आणि दिवसभर सोडलं नाही.

मोनालिसाच्या दालनात तोबा गर्दी. शेकडो हात वर, प्रत्येक हातात फोन. आईनं त्या गर्दीकडे पाठ फिरवली, स्टूल उघडलं आणि समोरच्या भिंतीवरचं चित्र बघत बसली. व्हेरोनेझेनं 1563 मध्ये पूर्ण केलेलं ते 'काना गावातलं लग्न'. लांबी दहा मीटरच्या आसपास, माणसं सव्वाशेच्या वर. नेपोलियनच्या फौजेनं ते व्हेनिसमधून आणलं, परत दिलं नाही. लग्नाची पंगत बसली आहे, वरच्या कठड्याशी मांस कापणं चाललंय, उजवीकडे एक जण रांजणातून दारू ओततोय. आईनं वाढपी मोजले, मग मधोमध बसलेल्या वादकांवर नजर लावली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर आयुष्य गेलेली बाई ती. "गज बघ कसा धरलाय, सारंगीवाल्यासारखा," म्हणाली. बाजूचा पहारेकरी तिच्याकडे बघून हसला. मोनालिसा तिनं जाता जाता पाहिली.

उंचावरच्या जागांचा हिशेब असा. आयफेलच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत 674 पायऱ्या आहेत, पण लिफ्टही आहे. तिची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर 60 दिवस आधी निघतात आणि लवकर संपतात. मोंमार्त्रच्या टेकडीवर 222 पायऱ्यांशेजारीच फ्युनिक्युलर रेल्वे चालते. नोत्र दाम आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलं, चर्चमध्ये प्रवेश फुकट. राहायची जागा घेताना 'चौथा मजला, मनमोहक दृश्य' असं लिहिलेलं असेल तर लिफ्ट आहे का ते आधी विचारा. असली तरी ती अनेकदा एक माणूस आणि एक बॅग मावेल एवढीच असते.

स्वच्छतागृहं हा आपल्या प्रवासवर्णनांतून हमखास गाळला जाणारा विषय. पॅरिसच्या रस्त्यांवर हिरवट-करड्या रंगाच्या स्वयंचलित खोल्या आहेत, 'सॅनिझेत' म्हणतात, फुकट. आतलं माणूस बाहेर आल्यावर दार बंद होतं, खोली स्वतःला धुऊन घेते, मग हिरवा दिवा लागतो. बाहेर पडणाऱ्या एका सज्जन बाईंनी आईसाठी दार अदबीनं धरून ठेवलं होतं. अशा वेळी नम्रपणे नको म्हणावं, दार लागू द्यावं. आणि पाण्याची बाटली सोबत ठेवावी, तिथे जेट नसतो.

जेवणाच्या वेळांनी बाबांची परीक्षा पाहिली. बरीचशी हॉटेलं दुपारी बारा ते दोन आणि मग रात्री सातच्या पुढेच जेवण देतात. मधुमेह असलेल्यांनी मधल्या वेळेचं खाणं खिशात ठेवावं. चिवडा तिथे कामी आला. शाकाहार सांगताना मासेही नको हे वेगळं सांगा. ला शापेल भागात श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची वस्ती आहे, तिथे डोसा, इडली, सांबार मिळतं आणि गणपतीचं देऊळही आहे. बाबांनी तिथे डोसा खाल्ला आणि आपल्या बोम्मसंद्र्याजवळच्या चंदापूरच्या हॉटेलापेक्षा चटणी बरी असल्याचा निर्वाळा दिला. हॉटेलात नळाचं पाणी मागितलं तर फुकट मिळतं, ते प्यायला चांगलं असतं. आणि दुकानात शिरताना आधी 'बाँजूर' म्हणा, मग पुढचं बोला. त्याशिवाय कुणी धड उत्तर देत नाही.

खिसेकापूंचं सगळे सांगतातच. साक्रे-कर चर्चच्या पायथ्याशी मनगटाला दोरा बांधू पाहणारे, आयफेलपाशी सहीसाठी कागद पुढे करणाऱ्या मुली, यांच्यासमोर थांबायचं नाही. बाबांनी मिरजेच्या शिंप्याकडून बंडीला चोरखिसा शिवून आणला होता. दर खर्चाला सदऱ्याची बटणं सोडावी लागत, पण पैसे घरी परत आले.

आईवडिलांना न्यायचं असेल तर मे किंवा सप्टेंबर धरा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असू शकतं आणि तिथल्या पुष्कळ जुन्या घरांत एसी नसतो. मेमध्ये जायचं तर व्हिसाची अपॉइंटमेंट जानेवारीतच बघा. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो.