चौथ्या हप्त्यानंतर

शहरी गरिबांच्या घरांचे प्रकल्प अहवाल तयार करणं हे माझं काम. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत ते करताना माझं एक मत पक्कं झालं. केंद्राचा पैसा अपुरा पडतो म्हणून घरं रखडतात, हे अर्धंच खरं. तो पैसा काय मोजून दिला जातो, यावर बरंचसं ठरतं.

३ डिसेंबर २००५ रोजी जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झालं. त्यातली गरिबांच्या घरांची योजना ती बीएसयूपी. मुंबई महानगराचा भाग म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका तिच्यात आल्या. निम्मा खर्च केंद्राचा. बाकीचा राज्य, महापालिका आणि लाभार्थी यांनी उचलायचा. लाभार्थ्याचा वाटा किमान १२ टक्के, मागासवर्गीयांसाठी १० टक्के. घर २५ चौरस मीटरचं, दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि घरातच संडास. सार्वजनिक संडासाच्या रांगेत जिची वर्षं गेली तिला शेवटच्या दोन शब्दांचं मोल कळतं.

ठाण्याची महापालिका १९८२ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ची. ७४ व्या घटनादुरुस्तीने झोपडपट्टी सुधारणेचं काम महापालिकांच्या यादीत घातलं, पण त्यासाठी लागणारं उत्पन्न काही दिलं नाही. त्यामुळे ही योजना आली तेव्हा सगळ्यांनी ती मनापासून उचलली. पाथर्ली, दत्तनगर, कचोरे, उंबर्डे, तिकडे ठाण्यात तुळशीधाम, खारेगाव, पडले अशी कामं निघाली. कल्याण-डोंबिवलीत मंजुरी १३ हजारांहून अधिक घरांना होती. पुढे आकडा ७ हजारांच्या आसपास आणावा लागला.

कारणं अनेक सांगता येतील. जागेवरची अतिक्रमणं, वाढलेले दर, काम सोडून गेलेले ठेकेदार. मला सगळ्यांत मोठं कारण दिसतं ते हप्त्यांच्या रचनेत. केंद्राचा पैसा चार हप्त्यांत यायचा, प्रत्येकी २५ टक्के. मिळालेल्यातले ७० टक्के खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आमच्या भाषेत यूसी, गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. हिशेब म्हणून हे रास्तच. पण स्लॅब पडला की बिल, बिल निघालं की यूसी, यूसी गेली की हप्ता, अशी साखळी बसली आणि साऱ्या यंत्रणेची नजर स्लॅबवर खिळली. लाभार्थ्यांची पात्रता यादी पूर्ण झाली म्हणून कधी हप्ता सुटला नाही. मग ती मागेच राहणार. इमारती उभ्या आणि कुटुंबं ठरायची बाकी, असं चित्र कल्याण-डोंबिवलीत दिसलं.

पात्रता ठरवणं किती किचकट असतं ते जवळून पाहावं. डोंबिवलीतल्या एका वस्तीत पत्र्याच्या दारावर रंगाने नंबर घातलेला. आत राहणारी बाई धुण्याभांड्याच्या कामांना पहाटे बाहेर पडते, त्यामुळे सर्वेक्षणाला आलेल्यांना दाराला कुलूप दिसतं आणि तक्त्यात 'बंद' अशी नोंद होते. संध्याकाळी गेलं की कागद निघतात. मतदार यादीत नाव सासऱ्याचं, रेशनकार्ड गावी दिराकडे, लाइटबिल ज्याच्याकडून खोली घेतली त्याच्या नावावर. तिच्या स्वतःच्या आधारकार्डावर माहेरचं आडनाव. ती तिथेच राहते हे सारी गल्ली सांगेल, पण गल्लीच्या सांगण्याला फॉर्मवर रकाना नाही. हे सोडवायला वस्तीत बसणारा, लोकांच्या ओळखीचा माणूस लागतो. अशा माणसाच्या पगारासाठी प्रकल्प अहवालात जी रक्कम धरतात, ती एका जिन्याच्या खर्चाएवढीही नसते.

घराचा ताबा मिळाला तरी प्रश्न संपत नाहीत. सात मजली इमारतीत लिफ्ट आणि पंपाचं सामाईक वीजबिल येतं. सोसायटी नोंदलेली नसेल तर ते कोणी भरायचं? बिल थकतं, लिफ्ट बंद पडते, आणि वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचं खाली येणंच थांबतं. लोकांना इमारतीत राहता येत नाही, असं मग सहज म्हटलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. देखभालीचा निधी पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवलेला असता तर ही वेळ आली नसती.

पैसा देण्याची वेगळी रीतही असू शकते. अमेरिकेने १९७४ मध्ये गृहनिर्माण आणि समुदाय विकासाचा कायदा केला. त्यातून शहरांना लोकसंख्या, गरिबी, दाटीची घरं अशा निकषांच्या सूत्राने दरवर्षी अनुदान मिळतं. घरदुरुस्ती, गटार की समाजमंदिर, हे शहर ठरवतं. मात्र नागरिकांची सुनावणी घ्यावी लागते आणि पैशाचा मोठा भाग अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडावाच लागतो. आपल्याकडे घरांसाठी असा विश्वास महापालिकांवर अजून कोणी टाकलेला नाही.

२५ जून २०१५ला पंतप्रधान आवास योजना आली. भागीदारीतल्या घरांना केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये. म्हाडाने कल्याण तालुक्यात शिरढोण आणि खोणीला या योजनेतून मोठे प्रकल्प केले. अनुदान वजा जाता उरलेल्या किमतीसाठी कर्ज काढावं लागतं, आणि पगाराची चिठ्ठी नसलेल्याला बँक दारात उभं करत नाही. शिवाय कामाचं ठिकाण ठाण्यात किंवा डोंबिवलीत असेल तर रोजचं रिक्षाभाडं वेगळं.

सप्टेंबर २०२४ पासून याच योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. तुमच्या प्रभागात त्यातून काही होणार असेल तर इमारतीचा नकाशा पाहण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा. पात्र कुटुंबांची यादी वस्तीत कधी लावणार, आणि पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचा पैसा कोणत्या खात्यात ठेवणार.